भ्यायचं कसं

फोन आला तेव्हा वैजयंती खुळखुळा वाजवत होती. नारायणगावातल्या तिच्या दवाखान्यात सतरंजीवर वर्षाचीही न झालेली एक मुलगी बसली होती, आणि समोर भिंतीला टेकून तिची आजी कस्तुरबाई, बाजारपेठेतल्या कापडवाल्यांच्या घरातली, पदर पुन्हा पुन्हा डोक्यावर ओढत नातीकडे पाहत होती. वैजयंतीने मुलीच्या मागे, तिला दिसणार नाही अशा बेताने, डाव्या कानाशी खुळखुळा हलवला. मुलगी हातातल्या लाकडी ठोकळ्याची कड चाचपत राहिली. हा क्षण वैजयंतीने आयुष्यात किती वेळा पाहिला होता त्याला गणती नव्हती, आणि तरीही दर वेळी या खेपेला मान वळावी असं तिला वाटे. आता उजवा कान, मग नाव घेऊन हाक. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरू लागला. तपासणी चालू असताना ती फोन घेत नसे. पण पडद्यावर ‘समाधान येडगाव’ असं नाव होतं, आणि समाधान कधी फोन करत नसे. जे काही बोलायचं ते त्याची बायको साक्षी बोलायची.

“मॅडम, मोहित दिसंना.”

“दिसत नाही म्हणजे? कधीपासून?”

“जेवून वट्यावर बसला व्हता. साक्षी मागं भांडी घासत व्हती. येऊन बघती तर न्हाई. समदीकडं हिंडलो. उसाच्या कडंला चिखलात पावलं हायेत.”

“त्याची?”

पलीकडे कुणीतरी डबा बडवत होतं.

“दोन्ही हायेत,” तो म्हणाला.

कस्तुरबाईंना आपण “उद्या या” म्हणालो एवढं तिला नंतर आठवलं. त्यांनी काय विचारलं ते आठवलं नाही. गाडी बाहेर काढताना हात नेहमीसारखे चालत होते, आणि ते नेहमीसारखे चालत आहेत याचीच तिला भीती वाटत होती. ओझरच्या गणपतीला निघालेल्या मोटारींच्या मागे ती अडकली. पुढच्या गाडीच्या काचेतून एक लहान मूल मागे वळून तिच्याकडे पाहत होतं, हात हलवत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. या रस्त्याने ती कित्येकदा गेली होती, पण ऊस तिला कधी दिसला नव्हता. आज तो रस्त्यावर ओणवा होऊन आला होता, आणि त्याच्या बुंध्याशी, पानांच्या खाली, दुपार असूनही काळोख होता. दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोड अजून सुरू झाली नव्हती. वर्षभरात आजूबाजूच्या गावांतून बिबट्याच्या बातम्या येत होत्या. बायका खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधू लागल्या होत्या, आणि शाळेत मुलांना सोडायला-आणायला दोन-दोन माणसं जात होती. हे सगळं तिला ठाऊक होतं. ठाऊक असतानाच ती म्हणाली होती, “साक्षी, आता दोरी नको.”

ते वाक्य ती कोणत्या आवाजात म्हणाली होती तेसुद्धा तिला ऐकू येत होतं. मऊ, खालच्या पट्टीतला, गेल्या तीस वर्षांत कमावलेला आवाज. आयांशी बोलताना तो आपोआप यायचा. साक्षी पहिल्यांदा दवाखान्यात आली ती एसटीने, मोहितच्या मनगटाला स्वतःच्या मनगटाशी फडक्याने बांधून. तेव्हा तो चार वर्षांचा होता. आई म्हणत नव्हता, पाणी म्हणत नव्हता, नावाने हाक मारली तर मान वळवत नव्हता. पण दाराशी उभा राहून एकदम कंडक्टरच्या सुरात म्हणाला, “कळंब, मंचर, पेठ.” साक्षी लाजली होती. “येवढंच बोलतोय मॅडम, पुण्याला कान दाखवाया नेलं व्हतं तवापासनं.” वैजयंतीने लगेच पुढचं गाव घेतलं होतं, “खेड.” आणि मोहित, जो कुणाकडे पाहत नव्हता, तिच्या हनुवटीकडे पाहून म्हणाला होता, “चाकण.” तिथून त्यांचं काम सुरू झालं. एक गाव तिने म्हणायचं, एक त्याने. शिवाजीनगर आलं की खेळ संपला. ‘उतरा’ म्हटलं की तो खुर्चीवरून उठायचा आणि आईचा हात धरायचा. आपला क्रम येईपर्यंत थांबायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, मग बोलायचं, हे त्याला कुठल्याच दुसऱ्या वाटेने शिकवता आलं नसतं.

मग ती येडगावला त्यांच्या घरी गेली, आणि तिथे तिने ओट्याच्या खांबाला बांधलेली दोरी पाहिली. साक्षीने ती सासूच्या जुन्या लुगड्याची वळली होती, काचू नये म्हणून. तरी मोहितच्या कमरेवर वळ होता. “बांधू न्हाई तर काय करू?” साक्षी म्हणाली. “म्या शेतात, हे शेतात, मामंजी शेतात, आत्याबाई गेल्यापासनं घरात कोन न्हाई. नजर हटली की पळतंय.” तिने बिबट्यासाठीचा पट्टासुद्धा करून पाहिला होता. मोहितने तो ओरबाडून काढताना गळा रक्ताने माखून घेतला होता. वैजयंती त्या दिवशी दोरी तशीच ठेवून परतली. नंतर मात्र महिनोन्‌महिने खपून तिने अंगणाभोवती चुन्याची रेघ मारून घेतली, रेघेशी थांबायला त्याला शिकवलं. आधी दोरी सैल, मग लांब, मग नुसती खांबाला अडकवलेली. दिवाळीनंतर साक्षीने ती सोडली. मोहित रेघेपर्यंत धावत जायचा, थांबायचा, परत यायचा. त्याचं चित्रीकरण वैजयंतीने पुण्यातल्या एका परिषदेत दाखवलं होतं. पडद्यावर तो मुलगा रेघेशी थांबला तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या, आणि व्यासपीठावर उभ्या वैजयंतीला, क्षणभर का होईना, कशाचीच भीती वाटली नव्हती.

एरवी ती वाटायचीच. हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिचे वडील घोडेगावच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर वस्तीतल्या सगळ्या घरांबरोबर बौद्ध धम्म घेतला, आणि तेव्हापासून त्या घरात भीती हा शब्द जुन्या देवांसारखाच बाहेर ठेवलेला होता. वैजयंती पुण्याला शिकायला निघाली तेव्हा वडील मंचरच्या स्टँडवर म्हणाले, “आपण आता भ्यायचं नाही. भ्यायचे दिवस आपल्या मागच्या लोकांनी भोगून संपवलेत.” त्यांना ते मनापासून वाटत होतं. तिला इतकी भीती वाटत होती की तिकीट हातात घट्ट धरून ओलं झालं होतं. पण तिने मान हलवली, आणि मग पुढे कायम तशीच मान हलवत राहिली. तोंडी परीक्षेत, पहिल्या नोकरीत, मोठमोठ्या डॉक्टरांच्या बैठकांमध्ये. भीती लपवायची सवय अशी अंगात मुरली की लोक तिला शांत स्वभावाची म्हणू लागले. तिच्यासमोर बसलेल्या आया म्हणायच्या, “तुमच्याकडं बघितलं की धीर येतो.”

तिचं नाव झालं ते कॅसेटवरच्या कामामुळे. मोहितसारखी स्वमग्न मुलं वेगळी आहेत हे आई-बापांना तीन-चार वर्षांनी कळायचं. पण त्या आधी ते कुठेतरी दिसत असणारच, असं तिला वाटलं. म्हणून तिने जुन्नर-आंबेगावातल्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडून जावळाच्या, पहिल्या वाढदिवसाच्या कॅसेट गोळा केल्या. नंतर ज्या मुलांचं निदान झालं त्यांच्या, आणि ज्यांचं काहीच झालं नाही त्यांच्याही. वर्षानुवर्षं ती अंधाऱ्या खोलीत ते बघत बसली. मांडव, फुगे, मामाच्या मांडीवर नवं झबलं घातलेलं बाळ, मागे लावलेली हिंदी गाणी. आत्या हाक मारते, बाळ वळत नाही. पुन्हा हाक मारते, हसते, “झोप आलीय जणू.” सगळे हसतात. केक कापतात. आणि पडद्याच्या अलीकडे एकटी वैजयंती, जिला पुढचं सगळं माहीत आहे. मांडवातल्या त्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटे. पण ते सगळं होऊन गेलेलं असे. तिचे निबंध छापून आले, परदेशातल्या लोकांनी त्यांचे दाखले दिले, आणि तिच्या वाट्याला एवढंच आलं की कुणाच्याही बारशाला ती सरळपणे जाऊ शकेना. तिची स्वतःची मुलगी तान्ही असताना ती तिला दिवसभर हाका मारायची. मागून, बाजूने, दुसऱ्या खोलीतून. मुलगी वळायची. वळली की पुन्हा. एकदा नवरा म्हणाला होता, “पुरे कर वैजू, ती दमलीये.” ती मुलगी आता बेंगळुरूला नोकरीला होती, आणि फोनवर आईचा आवाज ऐकला की अजूनही आधी विचारायची, “काय झालं?”

येडगावात शिरताना तिला पहिला सुतळी बॉम्ब ऐकू आला. मग दुसरा. दिवाळीतले उरलेले फटाके लोक उसाच्या कडेला लावत होते. समाधानच्या घरामागे निम्मं गाव जमलं होतं. हातात काठ्या, कोयते, पत्र्याचे डबे. एक ट्रॅक्टर बांधावर आणून त्याचं इंजिन नुसतंच चालू ठेवलं होतं. “मोहित, ए मोहित!” असं माणसं उसाच्या भिंतीकडे तोंड करून ओरडत होती. समाधानचे वडील भागुजी गळ्यातल्या खिळ्यांच्या पट्ट्यासकट डबा बडवत होते; तो पट्टा त्यांनी रानातून आल्यावर काढला नव्हता. साक्षी बांधावर उकिडवी बसली होती. तिने वैजयंतीकडे पाहिलं नाही. समाधानने चिखलातली पावलं दाखवली. एका पायात चप्पल असलेली, लहान. आणि तिच्यापासून थोडी हटून दुसरी, रुंद, नखं नसलेली, मऊ मातीत हलक्या हाताने उमटवल्यासारखी. दोन्ही एकाच दिशेने आत गेली होती.

“वनखात्याची मानसं निघाल्यात जुन्नरवरनं,” समाधान म्हणाला. “तवर आवाज करीत ऱ्हा म्हणाले.”

आणखी एक फटाका फुटला आणि वैजयंतीच्या डोक्यात सगळं एकदम स्वच्छ झालं. ते स्वच्छ होणं भयंकर होतं. मिक्सर चालू झाला की मोहित कान दाबून कॉटखाली, अगदी कोपऱ्यात जाऊन बसायचा, आणि तिथून त्याला तासन्‌तास काढता यायचं नाही. तो रडायचा नाही. आवाज जितका मोठा, तितका तो आत. ही सगळी माणसं जिवाच्या आकांताने त्याला उसाच्या पोटात ढकलत होती.

“आवाज बंद करायला सांगा,” ती म्हणाली.

समाधानला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. भागुजी डबा हातात धरून पुढे आले.

“बाई, आवाज हाय म्हनून ते जनावर दबून बसलंय. बंद केला तर हालंल. पोरगं भ्यालं की रडतंय, रडलं की सापडतंय. तुमी गप करून काय सापडनार?”

“मोहित रडणार नाही, बाबा. या आवाजाने तो आणखी आत जाईल. कुठेतरी दडून बसेल, आणि आपण शेजारून गेलो तरी ओ देणार नाही.”

“आन वाघ?”

आवाज ठेवला तर मुलगा जातो, आवाज थांबवला तर जनावर उठतं. यातलं काय खरं ठरेल हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो मऊ, कमावलेला आवाज तिला सापडेना.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

भागुजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तेच सहन होत नव्हतं. “तुमच्याच सांगन्यावरनं सोडला व्हता त्याला,” ते म्हणाले.

साक्षी उठली. “म्या सोडला,” ती म्हणाली. “ह्या हातानं गाठ सोडली म्या. मॅडमनी न्हाई. मामंजी, डबा ठिवा. ट्रॅक्टर बंद करा.”

इंजिन थांबलं. मग एकेक डबा थांबला, एकेक माणूस. शेवटी कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, त्याचंही तोंड धरलं गेलं. इतक्या माणसांची शांतता वैजयंतीने कधी ऐकली नव्हती. सगळे काठ्या घट्ट धरून उसाकडे पाहत होते, आणि ऊस वाऱ्याने वरवर हलत होता, आत मात्र हलत नव्हता. सरकारी माणसं येईपर्यंत थांबूया, असं कुणीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं. तुम्ही आत जाऊ नका मॅडम, असं म्हणावं. कुणी म्हणालं नाही. साक्षी सरीत शिरली, कोयता उचलून समाधान निघाला, आणि दोघांच्या मधे आपणही शिरलो आहोत हे वैजयंतीला चेहऱ्यावर पान चिरत गेलं तेव्हा कळलं.

आत हवा नव्हती. खाली वाळल्या पानांचा, पाचटाचा थर होता, पाय टाकला की तो कुरकुरत खचायचा आणि प्रत्येक पाऊल आपण कुठे आहोत ते सांगून टाकायचं. डोक्यावर पानं एकमेकांत गुंतलेली, प्रकाश हिरवट-पिवळा, ढवळून गढूळ केलेल्या पाण्यासारखा. घामावर उसाची बारीक काटेरी कूस चिकटून मान जळत होती. थोड्या वेळाने मागचं उजाडपण दिसेनासं झालं आणि चारी बाजू सारख्या झाल्या. तिला वाटलं, आपण आता ओरडलो तर कुणालाही कळणार नाही आपण कुठून ओरडलो ते. एक आंबूस, मांजरांच्या खोलीसारखा वास मधूनच यायचा आणि जायचा. तो खरा होता की तिच्या मनाचा, हे तिने ठरवायचं नाही असं ठरवलं. साक्षीने मागे वळून पाहिलं, आणि तिला काय हवं आहे ते वैजयंतीला समजलं. तिने तोंड उघडलं. “नारायणगाव” एवढा शब्द, तिच्याच गावाचा, तो फुटेना. शेवटी साक्षीच म्हणाली, हळू, दवाखान्यात म्हणायची तशी.

“नारायणगाव.”

थांबली.

“कळंब.”

पाचट कुठेतरी करकरलं आणि राहिलं.

“मंचर.”

काही नाही. ते पुढे सरकले. पुन्हा नारायणगाव, पुन्हा कळंब, पुन्हा मंचर. समाधानचा श्वास वैजयंतीच्या मानेवर येत होता. साक्षीचा आवाज मधेच हलू लागला तेव्हा वैजयंतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“मंचर,” साक्षी म्हणाली.

“पेठ,” डावीकडून उत्तर आलं. सपाट, स्वच्छ, कंडक्टरच्या सुरात.

तो दोन सऱ्यांच्या मधे, आडव्या झालेल्या उसाखाली बसला होता. गुडघे पोटाशी, एक हात कानावर. दुसरा हात पुढे पसरलेला होता. त्याच्यासमोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, पाचटात काहीतरी हललं. वैजयंतीला आधी मांजर वाटलं. मग दुसरं हललं. ठिपके इतके बारीक होते की वाळल्या पानांवरचा उजेडच वाटावा. एका पिल्लाने मोहितच्या उरलेल्या चपलेचा पट्टा तोंडात धरला होता. मोहित हसत होता. परक्या माणसाला कळलं नसतं, पण ती ते हसू ओळखत होती. ते मिळवायला तिला सहा महिने लागले होते.

मग तो आवाज आला. टीव्हीवर येतो तसा नाही. कानात आला नाही, पायांतून वर आला. जमिनीखाली कुणीतरी जड पेटी ओढत असावं तसा. पिल्लांच्या पलीकडून, दोन-तीन सऱ्या सोडून. समाधानचा कोयता वर गेला. वैजयंतीने त्याचं मनगट धरलं, आणि आपल्या हातात एवढी ताकद कुठून आली हे तिला समजलं नाही. पुढे जाऊन मुलाला उचललं तर तो किंचाळेल, हात-पाय झाडेल. ओढला तर पिल्लं केकाटतील. तिला हे ठाऊक होतं, आणि साक्षीलाही ठाऊक होतं, कारण साक्षी जागची हलली नाही. ती नुसती खाली बसली, मोहितच्या उंचीची झाली.

“खेड,” साक्षी म्हणाली.

मोहितने पिल्लावरची नजर काढली नाही. पलीकडचा आवाज थांबला, आणि ते अधिक वाईट होतं. वैजयंती मनात एकेक गाव पुढे ढकलत होती. चाकण, मोशी, भोसरी, नाशिक फाटा. शिवाजीनगर इतकं लांब तिला कधी वाटलं नव्हतं. मधे एकदा जरी त्याने सोडून दिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

“चाकण,” मोहित म्हणाला.

“मोशी.”

“भोसरी.” त्याचा हात पिल्लाच्या कानाशी पोचला होता.

“नाशिक फाटा,” साक्षी म्हणाली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण सूर बदलला नव्हता. तो बदलला असता तर मोहितने ओळखला नसता.

मोहित थांबला. उसातून ती गुरगुर पुन्हा सुरू झाली, या वेळी जवळून, आणि पिवळसर असं काहीतरी पानांमागे बाजूला सरकलं. वैजयंतीने डोळे मिटून घेतले. आपल्याला पाहायचं नाही, असा एवढा एकच विचार तिच्यात उरला होता.

“शिवाजीनगर,” मोहित म्हणाला.

“उतरा,” साक्षी म्हणाली.

तो उठला, चप्पल तिथेच टाकली, आणि येऊन आईचा हात धरला.

बाहेर ते पाठ न फिरवता, मागे मागे आले. त्यातलं वैजयंतीला पुढे फारसं काही आठवलं नाही. एकाएकी ऊन आलं, माणसं आली, कुणीतरी रडू लागलं. भागुजींनी पट्टा काढून फेकून दिला आणि नातवाला छातीशी धरायला गेले, तर मोहितने त्यांना ढकललं आणि तो अंगणात जाऊन बसला. वनखात्याची माणसं आली, त्यांनी सगळ्यांना मागे हटवलं, “पिल्लं असली की मादी जागा सोडत नाही, तिला वाट द्या,” असं सांगितलं. कुणीतरी वैजयंतीला चहा दिला. ती ओट्यावर बसून कप दोन्ही हातांनी धरत होती, तेव्हा भागुजी आतून लुगड्याची दोरी घेऊन आले. कुणाकडे न बघता त्यांनी ती मोहितच्या कमरेला बांधली, खांबाशी गाठ मारली. साक्षीने वैजयंतीकडे पाहिलं. समाधाननेही. आता मॅडम बोलतील असं दोघांना वाटत होतं. वैजयंतीने चहाचा घोट घेतला. तिला बरं वाटलं होतं. ती गाठ बसताना तिच्या पाठीतला ताण सुटला होता, आणि आपल्याला बरं वाटलं हे कळल्यावर तिला उसातल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

त्यानंतरचे दिवस तिने दवाखान्यात काढले. मंचरच्या, घाटघरकडच्या घरभेटी पुढे ढकलल्या. कस्तुरबाई नातीला घेऊन पुन्हा आल्या. मुलीने या वेळी मान वळवली, दोन्ही बाजूंना, स्वच्छ. वैजयंतीला ते खरं वाटेना म्हणून तिने चार-पाचदा हाक मारली, तेव्हा मुलगी भोकाड पसरून रडली. आई-बाप विचारायचे, मुलाला अंगणात सोडू का, बालवाडीत पाठवू का, आणि ती म्हणायची, “जपा. नजर ठेवा.” तो मऊ आवाज परत आला होता, पण आत कुणीच नसल्यासारखा.

साक्षी आली ती वेळ न घेता. तिच्याबरोबर मोहित होता, मोकळा. दोघांच्या मनगटांत फडकं नव्हतं.

“दोरी?” वैजयंतीने विचारलं.

“सोडली. दुसऱ्याच दिवशी. मामंजी बोलत न्हाईत माझ्याशी.” साक्षी खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसली. “ह्यांनी अंगणाला जाळी मारली उंच. ती वाघीन पिल्लं घेऊन गेली म्हनत्यात, पन दुसरी येनारच की. मॅडम, आता पुढचं शिकवा.”

“पुढचं काय?”

“त्याला भ्यायला शिकवा.”

वैजयंतीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

“त्यो हसत व्हता तितं,” साक्षी म्हणाली. “म्या बघितलं, तुमी बी बघितलं. जाळी किती दिस पुरनार? म्या किती दिस पुरनार? माझ्यामागं त्याला हितनं पळ म्हनून कोन सांगनार? तुमाला-मला आतनं कोनतरी सांगतंय ना. त्याला कोन सांगत न्हाई.”

मोहित कपाटातले ठोकळे काढून ओळीने लावत होता. वैजयंती त्याच्याकडे पाहत राहिली. तीस वर्षं ती मुलांची भीती कमी करत आली होती. मिक्सरची, केस कापायच्या मशीनची, अनोळखी माणसांची, नव्या बुटांची. उलट काही कुणी मागितलं नव्हतं. चित्रं दाखवता आली असती, आग, विहीर, वाघ. तो ती शिकला असता, धोक्याच्या लाल खोक्यात बरोबर टाकली असती, एकही न चुकता, आणि मग जाऊन पुन्हा पिल्लांशेजारी बसला असता. भीतीचं चित्र काढता येत नाही. ती कशी असते, कुठे लागते, हे त्याला कुणी कसं दाखवायचं?

“मला भीती वाटते, साक्षी,” ती म्हणाली. हे वाक्य तिने कधी कुणाला म्हटलं नव्हतं. “त्या दिवसापासून. रोज.”

“मला बी,” साक्षी म्हणाली.

वैजयंती खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसली, मोहितच्या समोर. तिने डोळे मिटले आणि मुद्दाम, एकेक पाऊल टाकत, उसात परत गेली. पाचट कुरकुरलं. तो वास आला. पायांतून तो आवाज वर चढला, आणि तिचं काळीज धडधडायला लागलं, इतकं की कानशिलं ठणकू लागली. तेव्हा तिने मोहितचा तळहात धरून आपल्या छातीवर ठेवला.

“हे बघ,” ती म्हणाली. “मी भ्याले.”

मोहितने हात हिसकून घेतला. ठोकळे खडखडले. वैजयंतीने पुन्हा त्याला धरलं नाही, ती नुसती तशीच बसून राहिली. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. बऱ्याच वेळाने तिला छातीवर काहीतरी टेकल्याचं जाणवलं. लहान, गरम, ठोकळ्यांच्या धुळीने खरबरीत. तो हात आधी हलका होता, मग घट्ट दाबला गेला, शोधत असल्यासारखा. त्याचा श्वास तिच्या हनुवटीपाशी येत होता, आणि तो किंचित वेगाने येऊ लागला होता.

वैजयंती डोळे मिटून उसात उभी राहिली, तो हात निघेपर्यंत.